आत्मघाती पिशवी घरात कोण ठेवतं? (पेशीअंगकांबद्दल शंका)

अबोली | सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. लेक आठवीत आहे आणि विज्ञानात पेशीअंगकांचा, म्हणजे पेशीच्या आतल्या छोट्या अवयवांचा, धडा चाललाय. काल मी पोळ्या लाटत होते आणि ही ओट्याला टेकून पाठ करत होती: लयकारिका म्हणजे आत्मघाती पिशव्या, पेशी जुनी झाली की या फुटतात आणि आतली विकरं (एन्झाइम, पदार्थांची तोडजोड करणारी प्रथिनं) पेशीलाच पचवून टाकतात. दोनदा म्हणून झालं आणि तिसऱ्यांदा गाडी अडली. "आई, असली पिशवी घरात कोण ठेवतं? चुकून फुटली तर?"

मी वाणिज्य शाखेची. शाळेत विचार म्हटलं तर तिथे उत्तर मिळालं, "पुस्तकात आहे तेवढं लिही, मार्क मिळतील." मिळतीलही, पण आता प्रश्न मलाच पडलाय. त्यात तिचा पुढचा प्रश्न तयार: तंतुकणिका (मायटोकाँड्रिया) ऊर्जाकेंद्र, गॉल्गी संकुल पॅकिंग विभाग, केंद्रक मुख्य कार्यालय, मग पेशी म्हणजे एमआयडीसी का?

कोणी नीट सांगेल का? घाई नाही. चाचणी पुढच्या गुरुवारी आहे.

चहाबिस्किट | सोमवार, रात्री १०:५२

असली पिशवी घरात कोण ठेवतं? आपण सगळेच. लाल रंगाची, १४.२ किलोची, ओट्याखाली.

(जाणकार येईपर्यंत जागा धरून ठेवतो.)

पाटावरवंटा | मंगळवार, सकाळी ६:१५

अबोलीताई, लेकीला माझ्याकडून शाबासकी सांगा. अकरावी-बारावीला तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं, "फुटली तर?" विचारणारी मुलं बोटांवर मोजण्याइतकी भेटली.

एमआयडीसीचं उदाहरण मीही वर्गात वापरायचो. सोपं पडतं. पण त्यात मुलं विभागांची यादी पाठ करतात आणि भिंतींकडे कोणी बघत नाही. माझ्या मते खरी गंमत भिंतींची आहे. कोणती वस्तू कशापासून लांब ठेवली आहे, एवढं विचारत गेलं की अर्धा धडा आपोआप उलगडतो.

यासाठी प्रयोगशाळा नको, कांदा पुरे. अख्खा कांदा नाकाशी धरा, डोळ्यांत पाणी येत नाही. सुरी फिरली की येतं. कांद्याच्या पेशीत दोन वस्तू दोन खोल्यांत ठेवलेल्या असतात. गंधकाची संयुगं पेशीद्रव्यात, आणि त्यांना तोडणारं ॲलिनेज हे विकर रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या रसाच्या पिशवीत. मध्ये एक पातळ पटल. सुरीने ते फाटतं, दोघांची गाठ पडते आणि पुढे त्यातूनच डोळ्यांना झोंबणारा वायू निघतो. (हा शेवटचा टप्पा आपोआप घडतो असं आम्ही वर्षानुवर्षं शिकवलं. २००२ साली जपानी संशोधकांनी दाखवलं की त्यालाही एक वेगळं विकर लागतं. निवृत्तीआधी कळलं हे नशीब.) कांद्यासाठी हे शस्त्र आहे. किडा चावेपर्यंत म्यानात.

लेकीला सांगा, एक अख्खा कांदा उकडून मग चिरून बघ. पटलं तेव्हाही फाटलेली असतात, पण उष्णतेने विकर निकामी झालेलं असतं. रडू येत नाही.

जिवाणूच्या पेशीत असल्या खोल्या जवळपास नसतात. एकच हॉल, स्वयंपाकही तिथे आणि झोपही तिथे. डीएनएवरून आरएनएची नक्कल निघतेय तोवरच तिच्यावर रायबोझोम बसतात आणि प्रथिन विणायला घेतात. आपल्या पेशीत नक्कल केंद्रकाच्या दुहेरी पटलाआड निघते, तिथेच तिची काटछाट होते, आणि मग केंद्रकछिद्रांतून ती बाहेर येते. घाईघाईत अर्धीकच्ची नक्कल कामाला लागू नये म्हणून ही सोय. दृश्यकेंद्रकी पेशी म्हणजे केंद्रक दिसतं ती, हे पाठ करायला ठीक. मी तिला आडपडदे असलेली पेशी म्हणतो.

लयकारिकेचं मात्र आतल्या गोटातलं कोणी सांगितलं तर बरं. तळ्यात_मळ्यात, आहात का?

चहाबिस्किट | मंगळवार, सकाळी ९:०५

जिवाणू वन रूम किचन आणि आपण थ्री बीएचके. सर, आता विसरत नाही.

तळ्यात_मळ्यात | मंगळवार, रात्री ९:३०

आहे आहे. इकडे जर्मनीत आत्ता संध्याकाळ आहे, सेंट्रिफ्यूज फिरतोय, थांबेपर्यंत लिहिते. माझं कामच लयकारिकांवर आहे, त्यामुळे जरा पाल्हाळ होईल, सांभाळून घ्या.

"फुटली तर?" या प्रश्नातूनच लयकारिकांचा शोध लागलाय. बेल्जियममध्ये लूव्हाँच्या विद्यापीठात ख्रिस्तियाँ द दूव हे इन्शुलिनचा यकृतावर काय परिणाम होतो ते बघत होते. उंदराचं यकृत वाटायचं आणि त्यातली विकरं मोजायची, असं रोजचं काम. १९४९ साली ॲसिड फॉस्फटेज नावाचं विकर मोजलं तर अपेक्षेच्या जेमतेम दहावा हिस्सा भरलं. नमुने फ्रिजमध्ये टाकले. पाच दिवसांनी तेच पुन्हा मोजले तर आकडा कुठच्या कुठे. दुसऱ्या कोणी "मोजायला चुकलो" म्हणून सगळं मोरीत ओतलं असतं. यांनी असा हिशोब लावला की विकर पहिल्या दिवशीही तेवढंच होतं, पण कशात तरी कोंडलेलं होतं, आणि फ्रिजमध्ये ती कोंडी झिरपली. पुढे १९५५ साली त्या पिशव्यांना लायसोसोम हे नाव दिलं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातले फोटो त्याच सुमाराला आले. सरांच्या भाषेत सांगायचं तर आधी भिंत सापडली, मग खोली.

'आत्मघाती पिशवी' हा शब्दप्रयोगही द दूव यांचाच. बारसं करणाऱ्यानेच असं टोपणनाव ठेवलं की ते चिकटतं. पण एखाददुसरी पिशवी फुटली तर पेशी सहसा मरत नाही. पिशवीच्या आत पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) ४.५ ते ५ असतो आणि बाहेर पेशीद्रव्यात ७.२ च्या आसपास. आकडे जवळचे वाटतात, पण पीएचचं एक घर म्हणजे दहापट. आत बाहेरच्यापेक्षा काहीशे पट आंबट. आतली पन्नासहून जास्त प्रकारची विकरं या आंबटपणातच नीट चालतात. बाहेर सांडली की बहुतेकांचे दात पडतात. शिवाय पिशवीच्या आतल्या बाजूला साखरेच्या साखळ्यांचा जाड अस्तर असतो, म्हणून ती स्वतःची भिंत पचवत नाही.

एकाच वेळी पुष्कळ फुटल्या तर मात्र खैर नाही. दगडखाणीत काम करणाऱ्यांना सिलिकोसिस होतो, तिथे हेच घडतं. फुप्फुसातल्या भक्षक पेशी सिलिकाचे बारीक स्फटिक गिळतात, ते पचत तर नाहीतच, उलट आतून लयकारिका फाडतात. पेशी मरते, स्फटिक मोकळे होतात, पुढची पेशी तेच गिळते.

एरवी दिवसभर लयकारिका काय करतात? मोडतोड. बाहेरून आलेला घास, जुनी प्रथिनं, बिघडलेल्या तंतुकणिका, सगळं तिथे सुटं होतं आणि अमिनो आम्लं, साखरा, मेदाम्लं परत वापरात येतात. जुना स्वेटर उसवून लोकर गुंडाळून ठेवणारी आजी डोळ्यांसमोर आणा. शिवाय पिशवीच्या पटलावर बाहेरून एक प्रथिनसंच बसलेला असतो, तो आत अमिनो आम्लं पुरेशी आहेत का ते ओळखून पेशीने वाढायचं की काटकसर करायची ते ठरवायला मदत करतो. ज्या पिशवीला आपण कचराकुंडी समजतो तिच्याकडे कोठाराची किल्ली आहे.

सेंट्रिफ्यूज थांबला. उद्या येते.

उंबरठा | मंगळवार, रात्री ११:१०

विज्ञान कळत नाही, शब्द थोडे कळतात. 'लयकारिका' मध्ये आत्मघात कुठेच नाही. उत्पत्ती, स्थिती आणि लय यातला हा लय. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही सोडवणं, विरघळवणं. ज्या कोणी हा प्रतिशब्द घडवला त्याला नमस्कार.

तंतुकणिकाही तशीच. ग्रीकमध्ये मितोस म्हणजे धागा, खोंद्रिओन म्हणजे कण. १८९८ साली कार्ल बेंडा यांनी नाव ठेवलं, कारण सूक्ष्मदर्शकात कुठे धागे दिसत, कुठे दाणे. मराठीत दोन्ही जसेच्या तसे आले. लोक उगाच बोजड म्हणतात.

त्याच १८९८ साली कामिल्लो गॉल्जी यांनी इटलीत पाव्हिया इथे घुबडाच्या मेंदूतल्या पेशींत चांदीच्या क्षाराने रंगवून एक जाळी पाहिली, तेच गॉल्गी संकुल. त्यावर पन्नासेक वर्षं वाद चालला की हे खरंच आहे की रंगाचे डाग. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आला तेव्हा मिटला. आणि हो, इटालियन उच्चार गॉल्जी. पाठ्यपुस्तक 'गॉल्गी' म्हणतं. पुस्तकाशी भांडायला माझ्यात बळ नाही.

चहाबिस्किट | मंगळवार, रात्री ११:१४

म्हणजे लयकारिका लय भारी.

(हलके घ्या. जातो.)

चहाबिस्किट | बुधवार, सकाळी ८:४०

परत आलो, खरी शंका आहे. पेशीला मरायचंच असेल तर ती मरते कशी? आणि तंतुकणिका 'ऊर्जाकेंद्र' म्हणजे नक्की काय करते? मी इलेक्ट्रिकल इंजिनिअर आहे, वीज कुठे तयार होते ते दाखवा. नाहीतर हे शब्द मागे घ्या.

तळ्यात_मळ्यात | बुधवार, रात्री ८:५०

वीजच दाखवते, थांबा.

तंतुकणिकेला दोन पटलं. आतल्या पटलात घड्या घातलेल्या असतात. अन्नातून आलेले इलेक्ट्रॉन त्या पटलातल्या प्रथिनांच्या साखळीतून शेवटी ऑक्सिजनपर्यंत जातात आणि जाता जाता हायड्रोजन आयन आतून बाहेरच्या फटीत उपसले जातात. पटलाच्या दोन बाजूंमध्ये साधारण १५० ते २०० मिलिव्होल्टचा फरक पडतो. हसू नका, पटलाची जाडी पाच-सहा नॅनोमीटर आहे. भागाकार करा.

चहाबिस्किट | बुधवार, रात्री ९:०२

०.१५ भागिले ५ नॅनोमीटर... मीटरला ३ कोटी व्होल्ट?? आम्ही हवेत मीटरला तीसेक लाख व्होल्ट गेले की ठिणगी पडते म्हणतो. शब्द मागे घ्यायची गरज नाही, मी मागे घेतो.

तळ्यात_मळ्यात | बुधवार, रात्री ९:२५

:) उपसलेले आयन परत आत यायला धडपडतात, आणि दार मुख्यतः एकच, एटीपी सिंथेज नावाचं प्रथिन. ते खरोखर फिरतं. १९९७ साली जपानमध्ये त्याच्या आसाला चमकणारा धागा जोडून सूक्ष्मदर्शकाखाली तो गरगर फिरताना चित्रित केला. या फिरण्यातून एटीपी बनतं, म्हणजे पेशी कामासाठी खर्च करते ते ऊर्जेचं सुटं नाणं. विश्रांतीतला माणूससुद्धा दिवसभरात साधारण आपल्या वजनाच्या जवळपास जाईल एवढं एटीपी बनवतो आणि वापरतो. शरीरात एका वेळी असतं मात्र थोडंच, तेच पुन्हा पुन्हा फिरतं.

ही कल्पना पीटर मिचेल यांनी १९६१ साली मांडली तेव्हा फार थोड्यांना पटली. बाकीचे अनेक जण ऊर्जा साठवणारं एखादं मधलं रसायन शोधत होते. मिचेल कॉर्नवॉलमधल्या एका जुन्या वाड्याची डागडुजी करून तिथेच छोटी प्रयोगशाळा थाटून बसले. १९७८ साली नोबेल मिळालं. ते रसायन नव्हतंच. साठा भिंतीच्या दोन बाजूंच्या फरकात होता.

आता मला सगळ्यात आवडणारी जागा. लयकारिका आत आंबट कशी राहते? तिच्या पटलावर एक पंप आहे, तो एटीपी खर्चून हायड्रोजन आयन आत ढकलतो. हा पंप आणि एटीपी सिंथेज एकाच घराण्यातले. एक उताराने येणाऱ्या आयनांवर फिरून एटीपी बनवतो, दुसरा एटीपी जाळून आयन चढावर नेतो.

चहाबिस्किट | बुधवार, रात्री ९:३३

घाटघर! आमच्याकडे घाटघरचा उदंचन प्रकल्प आहे, २५० मेगावॉटचा. मागणी कमी असते तेव्हा वीज खर्चून पाणी खालच्या तलावातून वरच्यात चढवायचं, मागणी वाढली की सोडून वीज घ्यायची. यंत्र तेच, उलटं-सुलटं. पेशीने दोन वेगळी यंत्रं ठेवलीत एवढाच फरक.

तळ्यात_मळ्यात | बुधवार, रात्री ९:५०

हे मी पुढच्या सादरीकरणात ढापणार आहे.

राहिला मरणाचा प्रश्न. पेशीचं ठरवून मरणं बऱ्याचदा तंतुकणिकेतून सुरू होतं. तिच्या दोन पटलांमधल्या फटीत सायटोक्रोम सी नावाचं एक छोटं प्रथिन असतं. एरवी ते वर सांगितलेल्या साखळीत इलेक्ट्रॉन पोचवायचं काम करतं. पेशीला फार इजा झाली किंवा तसा हुकूम आला की बाहेरच्या पटलाला भोकं पडतात, हे प्रथिन पेशीद्रव्यात येतं आणि तिथली कात्रीसारखी विकरं जागी होतात. १९९६ साली श्याओदोंग वांग यांच्या गटाने हे दाखवलं तेव्हा लोकांना पटकन खरं वाटेना, कारण हे प्रथिन सगळ्यांच्या रोजच्या ओळखीचं होतं. गर्भात आपल्या बोटांमधली कातडी अशीच पेशी मरून जाते, म्हणून बोटं सुटी होतात.

म्हणजे ज्याला ऊर्जाकेंद्र म्हणतात तिथे मृत्यूची घंटा, आणि ज्याला आत्मघाती पिशवी म्हणतात तिथे काटकसरीचा संसार. नावं ठेवताना अदलाबदल झाली म्हणा ना.

पाटावरवंटा | गुरुवार, सकाळी ६:०५

अगदी उलट नको करूया. बेडकाच्या पिल्लाची शेपूट जिरते तेव्हा लयकारिकांमधली विकरंही कामाला लागतात, आणि पाठ्यपुस्तकातलं वाक्य तिथूनच आलेलं आहे. पूर्ण चूक नाही, एकांगी आहे.

तळ्यात_मळ्यात | गुरुवार, दुपारी १२:१०

मान्य सर. वाहवत गेले.

रानमेवा | गुरुवार, दुपारी १:३०

कांद्यावरून आठवलं. आमच्या बागेत अळू आहे, एकाने घसा खाजतो, दुसऱ्याने नाही. ही खाजपण पिशवीतच असते का? आणि कोकमाचा रंग, आंबटपणा कुठे असतो?

पाटावरवंटा | गुरुवार, दुपारी ४:२०

पिशवीतच. अळूच्या काही खास पेशींमध्ये कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया जुडीने बांधल्यासारख्या असतात, आणि त्या रिक्तिकेतच तयार होतात. पान चावलं की पेशी फुटते आणि सुया घशात रुततात. सूक्ष्मदर्शकात फार देखणं दिसतं, खाल्ल्यावर तेवढं वाटत नाही. कुठल्या जातीत किती सुया, तो बागेचा अनुभव तुमचा जास्त.

कोकमाचा लाल रंग पाण्यात विरघळणारा आहे, तो आणि आम्लं फळाच्या पेशींच्या रिक्तिकेत. वनस्पतीची रिक्तिका ही आपल्या लयकारिकेची थोरली बहीण समजा. मोडतोडही करते, रंग-आंबट-कडूही साठवते, आणि पाण्याने फुगून पान ताठ ठेवते. पाणी घातलं नाही की मेथीची जुडी मान टाकते ती यामुळेच. लिंबाच्या रसाच्या पेशीत तर तिचा पीएच दोन-अडीचपर्यंत उतरतो. ते आम्ल भिंतीआड नसतं तर लिंबू स्वतःच्याच रसात मेलं असतं.

सदाफुली२ | गुरुवार, रात्री ९:००

वाचतेय, छान चाललंय. एक विचारू? उपास केल्यावर पेशी स्वतःचा कचरा खाते आणि त्याला नोबेल मिळालंय असा संदेश आमच्या भिशीच्या ग्रुपवर दर एकादशीला येतो. खरं का?

तळ्यात_मळ्यात | शुक्रवार, रात्री १२:४०

नोबेल खरं आहे. योशिनोरी ओसुमी, २०१६. त्यांनी यीस्ट उपाशी ठेवलं. यीस्टची रिक्तिका म्हणजेच तिची लयकारिका. त्यात पचवणारी विकरं नसलेले यीस्ट घेतले, उपाशी ठेवले, तर काही तासांत रिक्तिका न पचलेल्या पुरचुंड्यांनी भरली. पेशी स्वतःच्या पेशीद्रव्याचे भाग पुरचुंडीत बांधून आत टाकत होती, हे त्यामुळे डोळ्यांना दिसलं. नंतर त्यामागची जनुकं सापडली, आणि तशीच आपल्यातही निघाली. या प्रकाराला स्वभक्षण (ऑटोफॅजी) हा शब्द मात्र द दूव यांनी १९६३ सालीच दिला होता.

पण यीस्टच्या काही तासांवरून माणसाच्या एका दिवसाचं गणित कोणी मांडत असेल तर ते संशोधनात नाही, संदेशात आहे.

चहाबिस्किट | शुक्रवार, सकाळी ८:१५

शिवाय आमच्याकडे एकादशी दुप्पट खाशी. साबुदाणा खिचडी, वर रताळ्याचा कीस. पेशीला पुरचुंडी बांधायला उसंत कुठली.

जास्वंद_डॉक्टर | शुक्रवार, दुपारी ३:१०

बालरोगतज्ज्ञ आहे. धागा वाचून राहवलं नाही. इथे सगळे "फुटली तर?" विचारताहेत. मी रोजच्या कामात उलटं बघितलंय: पिशवी फुटत नाही, तुंबते.

पन्नास विकरांतलं एकच जन्मतः नसलं किंवा अधू असलं तरी त्याने तोडायचा पदार्थ लयकारिकेत साठत जातो. गोशे आजारात एका मेदाचं विघटन होत नाही, प्लीहा (पोटात डावीकडचा, रक्त गाळणारा अवयव) आणि यकृत वाढतं, हाडं दुखतात, रक्त कमी होतं. मूल येतं ते "पोट मोठं आहे, जंत असतील" म्हणून. हात ठेवला तर प्लीहा बेंबीपर्यंत. फिलिप गोशे यांनी १८८२ साली वर्णन केलं, नेमकं विकर १९६५ च्या सुमारास कळलं, आणि १९९१ पासून ते विकर बाहेरून देता येऊ लागलं. सुरुवातीला ते प्रसूतीनंतरच्या वारेतून काढत. दर दोन आठवड्यांनी शिरेतून द्यायचं, जन्मभर.

आणि इथे गॉल्गी संकुलाचं 'पॅकिंग' खरं कळतं. लयकारिकेकडे जाणाऱ्या बहुतेक विकरांवर गॉल्गीमध्ये एका साखरेची खूण चिकटवतात, पाकिटावरच्या पिनकोडसारखी. एका दुर्मिळ आजारात ही खूण चिकटवणारं यंत्रच नसतं. विकरं सगळी बनतात, पण पत्ता नाही म्हणून पेशीबाहेर रक्तात जाऊन पडतात. माल आहे, कारखाना आहे, आणि लयकारिका तुंबलेल्या.

खर्चाचं न बोललेलं बरं, तरी बोलते. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणात गोशे आहे, आणि ठरवून दिलेल्या केंद्रांतून ५० लाख रुपयांपर्यंत मदत मिळते. मुंबईचं केईएम रुग्णालय त्यात आहे. जन्मभराच्या औषधाला ही रक्कम किती पुरते याचा हिशोब आईबाप आमच्यासमोर बसून करतात. तो धडा कुठल्याच पुस्तकात नाही.

उंबरठा | शुक्रवार, दुपारी ३:४०

यावर गंमत सुचत नाही. लिहिलंत, आभार.

तळ्यात_मळ्यात | शुक्रवार, रात्री ९:१५

जास्वंद, तुमच्या पिनकोडला एक जोड देते. पुस्तकातल्या चित्रात पिशव्या रांगोळीच्या ठिपक्यांसारख्या जागच्या जागी असतात. प्रत्यक्षात सूक्ष्मनलिकांच्या रुळांवरून त्यांची सतत ये-जा चालते. कायनेसिन नावाचं प्रथिन आठ-आठ नॅनोमीटरची पावलं टाकत त्यांना बहुधा पेशीच्या कडेकडे नेतं, डायनीन उलट आत ओढतं. आपल्या मणक्यापासून पायाच्या बोटापर्यंत जाणाऱ्या चेतापेशीत ही जलद वाहतूक दिवसाला २०० ते ४०० मिलिमीटर चालते. मणक्यातून निघालेली पिशवी अंगठ्याला पोचायला तीन ते पाच दिवस. जवळजवळ पायी वारी.

मुंबईतही यावर उत्तम काम झालंय. टीआयएफआर या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रूप मलिक यांच्या गटाने भक्षक पेशीने गिळलेला घास लयकारिकेकडे कसा ओढला जातो ते बघितलं. एकटं डायनीन दुबळं असतं, पण टोळीने चांगलं ओढतं. २०१६ साली त्यांनी दाखवलं की घासाच्या पटलावर कोलेस्टेरॉलयुक्त मेदाची ठिगळं तयार होतात, डायनीन तिथे गोळा होतात, आणि मग घास झपाट्याने लयकारिकेकडे निघतो. म्हणजे भिंत नुसती अडवत नाही, ओढणाऱ्यांना उभं राहायला जागाही देते.

अबोली | रविवार, दुपारी १२:२०

सगळ्यांचे किती आभार मानू! काल घरी प्रयोग झाला. एक कच्चा कांदा, एक उकडलेला. कच्च्याने तिघंही रडलो, उकडलेल्याने कोणीच नाही. तिचे आजोबा म्हणाले, हे सत्तर वर्षं माहीत होतं, पण पेशीमुळे होतं हे माहीत नव्हतं.

तिने वहीत लयकारिका काढलीय, बाहेर हिरवा रंग आणि आत कोकमाच्या आगळाने रंगवलेली. कागदाला वास येतोय. चाचणीत काय लिहायचं यावर मात्र घरात दोन तट आहेत.

पाटावरवंटा | रविवार, दुपारी १२:४५

आधी पुस्तकातलं वाक्य, मार्कासाठी. खाली दोन ओळी स्वतःच्या. मी तपासत असतो तर त्या दोन ओळी आधी वाचल्या असत्या.

अबोली | रविवार, रात्री ८:३०

सर, तसंच ठरलं. आणि आता नवीन प्रश्न आलाय, झोपायच्या आधी उत्तर हवं म्हणते. तांबड्या रक्तपेशीत केंद्रक नाही, तंतुकणिका नाहीत, लयकारिकाही नाहीत असं तिने कुठेतरी वाचलं. मग ती म्हातारी झाली की तिला मोडतं कोण?

जास्वंद_डॉक्टर | रविवार, रात्री ९:०५

दुसऱ्याची लयकारिका. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. तयार होतानाच ती स्वतःचं सामान बाहेर टाकते किंवा पचवून संपवते, म्हणजे हिमोग्लोबिनला जागा होते. म्हातारी झाली की प्लीहा आणि यकृतातल्या भक्षक पेशी तिला गिळतात आणि आपल्या लयकारिकेत उसवतात. दर सेकंदाला वीस लाखांहून जास्त. त्यातून रोज २० ते २५ मिलिग्रॅम लोह परत मिळतं. जेवणातून आपण जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम शोषतो, बाकी सगळं रक्त या उसवलेल्या लोकरीवर विणलं जातं.

आणि त्या पेशींच्या पटलातला मेद तोडायला जे विकर लागतं, तेच गोशेच्या मुलांकडे अधू असतं. म्हणून त्यांची प्लीहाच फुगते. शुक्रवारी मी हे लिहायचं विसरले होते, तिने विचारलं म्हणून आठवलं. झोपू द्या तिला आता.